ऐकून घेण्याचा पेपर

४ मे, रविवार
दोन वर्षांचा डिप्लोमा झाला. आता त्याच्या जोरावर इथे मस्कतच्या युनिव्हर्सिटीत थेट तिसरं वर्ष, मानसशास्त्राची चार वर्षांची पदवी. आज कागद घेऊन गेले. खिडकीवरच्या मुलीनं आदबीनं विचारलं, "मुलीला सोबत नाही आणलंत?" विद्यार्थी मीच, म्हटल्यावर तिनं लगबगीनं खुर्ची दिली. मागे उभ्या असलेल्या पोरांना नाही दिली. वयाचा एवढा फायदा घ्यायला हरकत नाही. घेतला.

डिप्लोमाचे सगळे विषय त्यांनी मान्य केले, एक सोडून. समुपदेशनाची कौशल्यं. आमच्या कॉलेजात तो नुसता वाचून लिहायचा पेपर होता, प्रात्यक्षिक नव्हतं. गंमत म्हणजे मला सगळ्यात जास्त मार्क त्यातच.

विभागाच्या डॉ. सलमांनी केबिनमध्ये बोलावलं. ओमानी, माझ्याहून थोड्या लहान असाव्यात. फार सरळ बाई. हा विषय झाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाचं काहीच घेता येत नाही. तो परत करायचा तर वर्ष जाणार. किंवा मग तुम्हाला ते येतं हे दाखवा. दोन गोष्टी: त्यांच्यासमोर एक नाट्य-प्रात्यक्षिक, आणि कोणाशी तरी केलेल्या अर्ध्या तासाच्या संभाषणाचा लेखी वृत्तांत. त्या माणसाची आधी सही घेऊन. 'आधी' वर बोट ठेवलं त्यांनी. प्रात्यक्षिक १८ जूनला.

प्र.चं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं उरलंय. मी त्याच्या व्हिसावर. म्हणजे दोन वर्षं आहेत, तीन नाहीत. (नवऱ्याला या वहीत प्र.च म्हणायचं. पूर्ण नाव लिहिलं की तक्रार केल्यासारखं वाटतं.)

होईल. मला हे येतं.

५ मे, सोमवार
प्र.: "परीक्षा कसली? तू तर दिवसभर लोकांशी बोलतच असतेस."
"बोलायचं नाहीये. ऐकून घ्यायचंय."
यावर तो इतका हसला की चहा बशीत सांडला.

लेकीला, मित्राला, विचारलं, मी ऐकते ना गं? ती बारावीत, स्वतःच्या कॉलेजांच्या मागे. मान वर न करता म्हणाली, "ऐकतेस, आई. पण तू माझं सेंटेन्स फिनिश करतेस. आणि मग त्याचा आन्सर पण तूच देतेस."
"असं काही—"
"सी?"

ऑफिसात अर्बाबला, म्हणजे मालकाला, सांगून ठेवलं, सप्टेंबरपासून दुपारी सुटायला हवं. हिशेबाचं काम अडू देणार नाही. "यल्ला, आधी पास तर हो. इन्शाल्ला डॉक्टर!" डॉक्टर होत नाही यातून, हे सांगणं मी सोडून दिलंय.

९ मे, शुक्रवार
शुक्रवारची बुद्धवंदना या वेळी वादी अदाईतच, आमच्या मागच्या गल्लीत. शुभांगी गजभियेला नेहमीप्रमाणे तिच्या घरून गाडीत घेतलं. ती गाडी चालवत नाही, आणि तिचे यजमान गजभिये शुक्रवारी झोपतात.

वंदना झाल्यावर चहा. आज मुद्दाम नीट पाहिलं. एकीनं सांगितलं, मुलगा जेवत नाही, खोलीचं दार लावून बसतो. तिचं वाक्य संपायच्या आत आम्ही सगळ्या सुरू. ओवा. फोन काढून घे. क्रिकेटला घाल. नजर असेल (हे वंदनेनंतर लगेच!). डब्याच्या पार्टीत प्रत्येकीनं आपापली भाजी पुढे सरकवावी, तसं. ती बिचारी सगळ्यांना "हो ना, हो ना" करत राहिली. मुलगा दाराआड काय करतो, हे कोणीच विचारलं नाही. क्रिकेट माझं होतं.

तिथेच गजभियेंची बातमीही फुटली. त्यांनी राजीनामा दिला, जुलैअखेर फायनल एक्झिट, कायमचं परत. अकोल्याला घर बांधून तयार आहे. सगळ्यांनी शु.ला मिठ्या मारल्या. "सुटलीस बाई!" मीही म्हटलं. ती हसत होती.

१४ मे, बुधवार
डॉ. स.नी एक सराव करून घेतला. एक विद्यार्थिनी अशील (समुपदेशनाला आलेली) झाली: वडिलांना इंजिनियरिंग हवं, तिला नको. छान करत होती. तिचे डोळे भरले आणि माझ्या तोंडून गेलंच, "रडू नकोस हबीबती, सगळं ठीक होईल," आणि पाण्याची बाटली उघडून हातात दिली. मुलगी लगेच शहाणी झाली, "येस, खालती," म्हणाली, म्हणजे मावशी. पाणी प्यायली. संपलं.

डॉ. स. : "तुम्ही फार चांगल्या मावशी आहात, सुजाता."
मी थँक यू म्हणणार होते.
"आमच्याकडेही घराघरात खालती आहेत. प्रेमळ. मुली त्यांच्या कुशीत रडतात. पण खरं कोणी सांगत नाही त्यांना."

घरी येताना राग आला होता. कुरुमच्या सिग्नलपर्यंत ओसरला. खरंच होतं ते. पण हे सुधारता येण्यासारखं आहे. वाईट सवय आहे, स्वभाव नाही. (नक्की?)

१६ मे, शुक्रवार
बुद्धजयंतीचा कार्यक्रम. पौर्णिमा सोमवारीच झाली, पण आपली सगळी पुण्यकर्मं सुट्टीच्या वारी. कुरुमला हॉल घेतला होता. भाषणं, मुलांची नाटुकली, खीर.

येताना गाडीत मी आणि शु. दोघीच. मी आधीच ठरवलं होतं, आज सराव करायचा. ती बोलेल ते ऐकायचं, सल्ला नाही, समजूत नाही, वाक्य पुरं करायचं नाही. वादी अदाईच्या अलीकडे अपघात झालेला, गाड्या ठप्प. ती म्हणाली, "आता पॅकिंगले लागायचं." एरवी मी म्हटलं असतं, मी येते मदतीला. आज म्हटलं, "हं."
एसीचा आवाज. मग:
"ताई, मले नाही जायचं वापस."

समारंभात ती आमच्यासारखीच बोलते. गाडीत अकोल्याचं बोलली.

मी गप्प. ती समोरच्या ट्रककडे बघत सांगत राहिली. इथे ती नर्सरीत शिकवते, मुलं तिला टीचर म्हणतात, त्यांच्या आया टीचर म्हणतात. "इथं मले कोणी कोणाची सून म्हणून नाही पाहत." घर वरच्या मजल्यावर बांधलंय, खाली सासू-सासरे आणि दीर. जिना त्यांच्या बैठकीतून वर जातो. भाजी आणायला निघालं तरी बैठकीतून जायचं, आलं तरी बैठकीतून. गजभिये प्रत्येक फोटो दाखवताना विचारतात, आवडलं ना? तिनं प्रत्येक वेळी हो म्हटलंय. "सतरा वर्षं ह्या माणसानं त्या घराचंच स्वप्न पाहिलं, ताई. आता काय सांगू?"
मी एकच विचारलं, "हे अजून कोणाला बोललीस?"
"कोणालेच नाही."

उतरताना म्हणाली, "आज हलकं वाटलं." आणि गेली.

मला आनंद झाला. कशाचा? तिला हलकं वाटलं त्याचा, की मला जमलं त्याचा? दोन्हीचा. कोणता मोठा होता ते लिहायला नको वाटतंय. दुसरा.

१७ मे, शनिवार
आठवेल तसं सगळं लिहून काढलं, लॅपटॉपवर. नाव फ. केलं, अकोला काढलं, नर्सरीची शाळा केली. वाचून पाहिलं. या दोन वर्षांत इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. माझी वाक्यं मोजकी, तिची मोठी. गप्प राहिलेल्या जागा कंसात. डॉ. स.ना हेच हवंय.

सही नाही. आधी तर नाहीच. पण युनिव्हर्सिटीत शु.ला कोण ओळखतं? कोणी नाही. मग नियम कोणासाठी आहे?
उद्या विचार करते.

१९ मे, सोमवार
फार मोठी चूक. जशी झाली तशी लिहिते.

वृत्तांत इंग्रजीत उतरवत होते. प्र. बाजूला बातम्या बघत होता. मी नुसतं विचारलं, "बैठकीतून वर जाणारा जिना, हे इंग्रजीत नीट कसं लिहू?" नाव नाही, गाव नाही, काही नाही.
तो टीव्हीकडे बघत म्हणाला, "गजभियेच्या घराला आहे तसा. मी प्लॅन बघितला तेव्हाच सांगितलं होतं त्याला, जिना बाहेरून घे." मग माझ्याकडे बघितलं. मग लॅपटॉपकडे. "शुभांगीवहिनी?"

मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायला हवं होतं, तेही म्हटलं नाही.

नावं बदलून काय होतं आपल्यात? सगळ्यांनी सगळ्यांच्या घरांचे प्लॅन पाहिलेत. वंदनेच्या चहाबरोबर तेच तर फिरतात, फोनमधून फोनमध्ये: स्लॅब पडला, टाइल बसली, जिना झाला. पुस्तकातली गोपनीयता अशा गावाला धरून लिहिलीये जिथे माणसं एकमेकांच्या घराची चौकट बघत नाहीत.

प्र.ला म्हटलं, कोणाला बोलायचं नाही. तो दुखावला. "मी काय गावभर सांगत फिरणार आहे?" नाही फिरणार. पण रोज सकाळी तो आणि गजभिये एकाच गाडीतून ऑफिसला जातात.

२० मे, मंगळवार
प्र. ऑफिसातून आला, डबा सिंकमध्ये ठेवला: "गजभिये आज पूर्ण रस्ता त्या घराबद्दल बोलत होता. मला कुठे बघावं कळेना."
त्याचं काय चुकलं? काही नाही. मीच ते ओझं त्याच्या मांडीवर ठेवलं.

वृत्तांत पुसून टाकला. मराठी, इंग्रजी, दोन्ही. पुसताना वाईट वाटलं, आणि कशाबद्दल, ते मला माहीत आहे: तो चांगला उतरला होता.

२७ मे, मंगळवार
रीतसर सही घेऊन संभाषण करायचे प्रयत्न.

पहिला: मागच्या गल्लीतल्या काकू. हो म्हणाल्या. गेले तर रेशमी साडी, लिपस्टिक, टेबलावर काजूकतली. सही केली, घसा साफ केला, "मी मूळची नागपूरची. देवाच्या दयेनं सगळं छान आहे." अर्धा तास सगळं छान होतं. मुलगा, सून, गुडघे. निघताना दारात, "आता संपलं ना तुमचं? मग सांगते, सून फोनच उचलत नाही." पण सही अर्ध्या तासाची होती.

दुसरा: प्र. स्वतःहून. इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसला. "विचार."
"विचारायचं नसतं. तुला वाटेल ते बोल."
खूप विचार करून एसीच्या देखभालीवर बोलला. मी ऐकलं. मनापासून ऐकलं, खरंच. मध्ये एकदा थांबला, म्हणाला, "नवीन पोरं येतात ना, त्यांना माझ्या वयाचे साहेब नको असतात." मी थांबले. तोही थांबला. मग म्हणाला, "हां, तर फिल्टर." यापेक्षा जास्त मिळालं नाही.
मित्रा आतून ओरडली, "बाबा, यू आर अ टफ क्लायंट!"

हाच देणार. फिका आहे, पण सही खरी आहे.

३० मे, शुक्रवार
रात्रंदिवस तेच डोक्यात. शु.ला न सांगता तिच्याशेजारी बसून गाडी चालवणं जमेना. आज वंदनेला जाताना सांगितलं. दोन्ही गोष्टी: त्या दिवशी मी ठरवून गप्प होते, आणि जिन्याचं एक वाक्य प्र.समोर बोलले, त्यानं ओळखलं. लिहिलेलं पुसलंय, हेही सांगितलं, पण ते सांगताना मलाच ते लंगडं वाटलं.

ती ऐकत होती. अगदी पुस्तकातल्यासारखी, एकदाही मध्ये न बोलता.
मग: "मले वाटलं तुम्ही थकल्या म्हणून गप्प."
पुन्हा काही वेळानं: "म्हणजे तुमचा अभ्यास चालला होता."
"हो. पण ऐकतही होते, शुभांगी."
"असेल."

येताना ती दुसऱ्यांच्या गाडीतून गेली. "त्यांना आमच्या बाजूलाच काम आहे, ताई." नव्हतं.

८ जून, रविवार
ईदची सुट्टी. शु.चा फोन नाही. मी दोनदा केला, कामात होती. प्र. म्हणतो, सांगायचंच नव्हतं. कदाचित. पण मग मी तिची मैत्रीण राहिले असते ती कशाच्या जोरावर?

सराव मात्र जोरात. मित्रा अशील होते, रोज नवीन रडगाणं. काल म्हणाली, "आई, तू आता इतकी गप्प असतेस की इट्स स्केअरी." मग तशीच बसून राहिली आणि पुण्याला एकटं जायची भीती वाटते म्हणाली. रोल प्ले की खरं, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. आम्ही आंबे कापले.

१८ जून, बुधवार
प्रात्यक्षिक झालं. अशील म्हणून विभागाच्या ऑफिसातल्या एक वयस्क ओमानी बाई होत्या. त्यांना दिलेली गोष्ट: आई सोहार गावी, मुलीनं मस्कतला आणायची म्हटली तर ती घर सोडत नाही. बाई बोलता बोलता थांबल्या. मीही थांबले. पाण्याची बाटली टेबलावर होती. तिला हात लावला नाही. फार वेळ गेला असं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "खरं तर मला तिला आणायचं नाहीये." आणि स्वतःच चपापल्या. ते त्यांना दिलेल्या कागदात नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

नंतर डॉ. स. : "हा भाग झाला." म्हणजे पास. चेहरा तसाच, पण पास.

मग वृत्तांत. प्र.चा एसी. त्यांनी शांतपणे वाचला.
"हे पुरेसं नाही."
"माहीत आहे."
"याहून चांगलं काही नव्हतं?"
"होतं. परवानगी नव्हती."
"कुठे आहे ते?"
"नाही आता."
शाबासकीची वाट पाहिली मी, खोटं कशाला लिहू. मिळाली नाही. "चांगलं. दुसरं आणा. ३० जूनपर्यंत. नाही आणलंत तर दुसऱ्या वर्षाचा तो विषय घ्या. वाईट विषय नाही, मीच शिकवते."

गाडीत बसून मोठ्यांदा हसले. अर्धा गड घेतला.

२० जून, शुक्रवार
गजभियेंचा निरोप समारंभ, आमच्याकडेच. रिवाजाप्रमाणे जाणाऱ्यांनी चार शब्द बोलायचे. गजभिये बोलले: घर, आईवडिलांची सेवा, गावातल्या विहारासाठी काम. टाळ्या. मग शु. उभी राहिली. "तुम्ही सगळ्यांनी लई जीव लावला," इतकंच म्हणून बसली. बायका म्हणाल्या, गहिवरली. गजभियेंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. प्र. उठून बर्फ आणायला गेला. फ्रिजमध्ये बर्फ भरपूर होता.

नंतर भांडी उचलायला ती स्वयंपाकघरात आली. माझ्याकडे न बघता:
"तुमचा पेपर झाला, ताई?"
"अर्धा."
"अर्धा काऊन?"
सांगितलं.
"मी सही केली, बोलली, तर पुरा होते?"
"मी तुला त्यासाठी विचारलेलं नाही."
"तुम्ही नाही विचारलं. मी विचारून राहिली." पातेलं विसळून पालथं ठेवलं. "करीन. पण आधी ह्यांना सांगीन. तुम्हाले माहीत, तुमच्या ह्यांना माहीत, तुमच्या कॉलेजातल्या बाईले माहीत होईल, अन् आमच्या ह्यांनाच माहीत नाही. हे बरं नाही दिसत."

मग पहिल्यांदा हसली. "तसं सांगाच लागणार होतं. आता तुमच्या पेपरसाठी सांगते, असं समजते."

२४ जून, मंगळवार
चार दिवस उलटसुलट. माझी शेवटची तारीख आता तिच्या घरात जाऊन बसलीय. एखाद्या बाईनं सतरा वर्षांनी नवऱ्याला खरं सांगायचं, ते माझ्या ३० जूनमुळे? गजभिये चिडले, कोसळले, तर? तेव्हा मी तिसऱ्या वर्षाची पुस्तकं घेत असणार?

आज जाऊन दुसऱ्या वर्षाच्या त्या विषयाला नाव घातलं. डॉ. स.ना कळवलं. एक वर्ष जास्त. प्र.चं कॉन्ट्रॅक्ट वाढलं तर इथे, नाही वाढलं तर उरलेलं परत जाऊन नागपूरला, जिथे क्रेडिट्स घेतील तिथे. पदवी मी घेणारच. या दोन वर्षांत एक गोष्ट पक्की झालीय, मी या विषयासाठी आहे. कुठल्या वर्षी, एवढाच प्रश्न.

प्र.ला सांगितलं. म्हणाला, "बरं केलंस. पण मला विचारायचं होतंस." बरोबर आहे त्याचं.

शु.ला फोन केला. "माझ्यासाठी काही सांगू नकोस गं. मी दुसरी सोय केलीय. तू तुझ्या वेळेनं."
मला वाटलं, सुटल्यासारखं वाटेल तिला.
ती म्हणाली, "म्हणजे आता माझ्याजवळ कारणच नाही राहिलं."
फोन ठेवला.

२५ जून, बुधवार
पुन्हा मावशी झाले. तिचं ओझं तिला न विचारता उतरवून ठेवलं. पाण्याची बाटली उघडून हातात दिली.

तिला काय हवं होतं ते ती सिंकजवळ स्पष्ट बोलली होती: माझ्या पेपरचं निमित्त. एवढं साधं. मला नियम ऐकू आला, माझा चांगुलपणा ऐकू आला, ती नाही.

पण नाव घातलं ते चूक होतं का? तेही नाही वाटत. तिच्या सांगण्यावर माझं वर्ष टांगून ठेवणं बरं नव्हतंच. चूक फोन करून सांगण्यात होती? की तिला वाटलं तर येऊ दे, न वाटलं तर नको, एवढंच म्हणून थांबायला हवं होतं? पूर्वी अशा वेळी मी चिडचिडी व्हायचे. आता नुसती जागेवर बसते. ही प्रगती समजायची.

२७ जून, शुक्रवार
वंदनेला शु. आली नाही. गजभियेही नाहीत. बायका म्हणाल्या, पॅकिंग. प्र. सांगतो, गजभिये गुरुवारी ऑफिसला आले नाहीत, फोनवर म्हणाले बरं नाही.

डॉ. स.चा मेल: नाव घातलंत ते पाहिलं, ३० तारखेपर्यंत निर्णय बदलता येईल, नंतर नाही. सप्टेंबरला कुठल्याही वर्गात भेटू. 'कुठल्याही' वाचून बरं वाटलं.

शु.ला फोन नाही केला. करायचा नाही, हेही ठरवून नाही. हात गेला, परत घेतला.

२९ जून, रविवार
अर्बाबकडून सुट्टी घेतली. प्र. ऑफिसला, मित्रा क्लासला. दुसऱ्या वर्षाचं पुस्तक उघडून बसलेय. पहिला धडा वाचला. बराचसा येतो. 'शांतता' असं एक प्रकरण आहे, आधीच्या कॉलेजात आम्ही ते गाळलं होतं.

दहाच्या सुमारास शु.चा मेसेज. "घरी आहात?" एवढाच.
"आहे," लिहिलं. त्यापुढे काय काय लिहावंसं वाटलं ते सगळं खोडलं.

सहीचा कागद ड्रॉवरमध्ये आहे. बाहेर काढून टेबलावर ठेवला, परत आत ठेवला. तो समोर दिसता कामा नये. तिला हवा असेल तर मागेल. नाही मागितला तर दुपारी हे पुस्तक पुढे वाचीन, त्यात वाईट काही नाही. खरंच नाही. पण ती यावी असं वाटतंय, आणि या वेळी आधी तीच हवी आहे, पेपर मागून. निदान आत्ता, हे लिहिताना तरी.

खिडकीतून दिसतंय, गजभियेंची गाडी खाली लागली. तिला सोडून जातील असं वाटलं, पण इंजिन बंद झालं. दोन्हीकडची दारं उघडलीत.